पाच मिलिव्होल्टचा इतिहास

टर्नटेबल घरी आला की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास पडतो. तबकडी फिरतेय, सुई चालतेय, वायरी नीट लागल्यात, तरी स्पीकरमधून आवाज येतो तो चार शेतं पलीकडच्या लग्नासारखा. बारीक, चरचरीत, खर्ज नावालाही नाही. मग कुणीतरी सांगतं, "अरे, मध्ये फोनो प्रीअँप लागतो." मग शोध सुरू होतो, आणि कळतं की मुठीत मावणारी ही डबी दोन-तीन हजारांपासून काही लाखांपर्यंत मिळते. कोणती घ्यायची? आणि घेतलेली बदलून वरची कधी घ्यायची?

या प्रश्नाला मिळणारी बहुतेक उत्तरं किमतीची असतात. माझं उत्तर सालाचं आहे. तुमच्याकडच्या तबकड्या कोणत्या साली कापल्या गेल्या, ते आधी बघा. कारण या डबीत ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर असतात तसाच १९५४ सालचा एक करारही असतो. तुमची तबकडी त्या कराराच्या आधीची असेल, तर लाखाची डबीही ती चुकीचीच वाजवते.

भोंग्याचं घर

आमचं घर आळेफाट्याचं. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तो हा फाटा. मूळ गाव आळे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आमच्या गावात आहे, असं आम्ही पिढ्यानपिढ्या मानत आलोय. माझ्या आजोबांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न, जत्रा, सप्ताह, निवडणूक, जिथे बोलावणं येईल तिथे ते पेटी, भोंगे आणि बॅटरी घेऊन जात. भोंगा झाडाला बांधला की पोरं गोळा व्हायची, आणि आजोबा म्हणायचे, "आळ्याला रेडा बोलला, मग हा पत्रा का नाही बोलणार?"

त्या धंद्यातली एक पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर राहिली. आत चाळीसेक तबकड्या. अर्ध्या ७८ च्या, जाड, काळ्या, हातातून पडल्या तर बशीसारख्या फुटणाऱ्या. बाकीच्या ४५ च्या आणि थोड्या एलपी. अनेकांच्या लेबलवर खिळ्यानं आजोबांची खूण कोरलेली, म्हणजे लग्नाच्या गडबडीत दुसऱ्या पेटीवाल्याच्या तबकड्यांत मिसळू नयेत. काहींची लेबलं हात लागून लागून पार पुसलेली. गाणारी कोण, वाजवणारं कोण, काही कळत नाही.

आजोबांनी आयुष्यात 'फोनो प्रीअँप' हा शब्द ऐकला नसेल. त्यांना तो लागलाच नाही. का लागला नाही, हे समजलं की डबीचं काम समजतं.

त्या काळच्या पेटीवजा रेकॉर्डप्लेअरमध्ये बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक पिकअप असे. सुई हलली की आतला छोटा तुकडा दाबला जातो आणि त्यातून वीज निघते, काही शे मिलिव्होल्ट. थेट अँप्लिफायरला दिली तरी चालते. शिवाय हा तुकडा सुई किती सरकली त्या प्रमाणात वीज देतो. तबकडी कापताना केलेली फेरफार त्यामुळे बऱ्याच अंशी आपोआप निस्तरते. म्हणून वायर जोडली की भोंगा बोलायचा. त्याची किंमत तबकडी मोजायची, कारण असे पिकअप वजनदार असत आणि खाच खात जात.

आजच्या टर्नटेबलवर बहुतेक वेळा मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज असतं. सुईच्या दांडीला चिमुकलं चुंबक, शेजारी तारेची वेटोळी. सुईवर वजन जेमतेम दोन ग्रॅम, त्यामुळे तबकडी टिकते. पण वीज निघते फक्त तीन ते पाच मिलिव्होल्ट. घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. हा त्याचा तीनशेवा भाग. मूव्हिंग कॉइल प्रकारचं कार्ट्रिज असेल तर त्याच्याही दहाव्या हिश्शाइतकं. एवढ्याशा विजेला शंभरपट, कॉइलच्या बाबतीत हजारपट वाढवणं, हे डबीचं पहिलं काम.

पूर्वी हे काम अँप्लिफायरच्या पोटातच होई. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या देशी स्टीरिओ अँप्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेलं भोक दिसेल. मग ऐंशीच्या दशकात कॅसेट गावोगावी पोचली, लावण्या आणि भक्तिगीतं बसस्टँडवरच्या टपरीत मिळू लागली, पाठोपाठ सीडी आली. तबकडी उठली, तसं अँप्लिफायर बनवणाऱ्यांनी ते भोकही काढून टाकलं. आज तबकडी परत आलीय, पण भोक सगळ्या अँप्लिफायरवर परत आलेलं नाही. म्हणून ही वेगळी डबी घ्यावी लागते.

कराराच्या आधी

डबीचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी मागे जावं लागतं.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि त्यानं गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीच गेले होते. महाराष्ट्र ज्यांच्या गाण्यासाठी रात्र जागवायचा, ते यंत्र यायच्या एक वर्ष आधी गेले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या जोरानं सुई हलायची आणि मेणावर खाच पडायची. छपाईला तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगाराला गाणारी कोण हे कळावं म्हणून गौहर जान शेवटी आपलं नाव इंग्रजीत सांगते. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. नाटकात वन्समोअर घेत अर्धा तास चालणारं पद मग तीन मिनिटांत बसवावं लागे.

१९२५ साली मायक्रोफोन आणि विजेवर चालणारी कापायची सुई आली, आणि एक अडचण उभी राहिली. खर्जाचे स्वर सुईला खूप रुंद हलवतात. ढोलकीचा 'धुम्' आहे तसा कापला तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कापताना खर्ज मुद्दाम कमी करायचा आणि वाजवताना तितकाच वाढवायचा, अशी पद्धत पडली. वरच्या पट्टीची अडचण उलटी. लाखेच्या तबकडीची खरखर नेमकी तिथेच ऐकू येते. म्हणून पुढे कंपन्या कापताना तार वाढवू लागल्या. वाजवताना तार खाली आणली की तिच्याबरोबर खरखरही खाली येते. युक्ती झकास होती.

पण खर्ज किती कमी करायचा आणि तार किती वाढवायची, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं. कुणी २५० हर्ट्झच्या खाली खर्ज कापला, कुणी ५०० च्या. इंग्रजी घराण्यातल्या ७८ च्या तबकड्यांवर तार बहुधा वाढवलेलीच नसे. अमेरिकन कंपन्या ती बरीच वाढवत. १९४८ साली कोलंबियानं एलपी आणली, १९४९ साली आरसीएनं ४५ ची तबकडी. गोंधळ आणखी वाढला. शेवटी १९५४ च्या सुमाराला अमेरिकन रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेनं, म्हणजे आरआयएएनं, एकच प्रमाण ठरवलं. हळूहळू जगानं ते स्वीकारलं. आज बाजारातला जवळजवळ प्रत्येक फोनो प्रीअँप तेच प्रमाण पाळतो.

त्या करारातले आकडे साधे आहेत. १००० हर्ट्झचा स्वर आहे तसा ठेवायचा. ५० हर्ट्झचा खर्ज सुमारे सातपट वाढवायचा. १०,००० हर्ट्झचा तार स्वर पाचव्या हिश्शावर आणायचा. या उताराला 'आरआयएए कर्व्ह' म्हणतात. डबी लावली नाही तर आवाज बारीक आणि चरचरीत येतो, कारण तुम्ही कापणाऱ्यानं मुद्दाम वाकडी केलेली गोष्ट वाकडीच ऐकत असता.

कांबळ्यातला आवाज

आता आमच्या ट्रंकेकडे या. भारतात ७८ च्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८ वर आली. म्हणजे नुसतं ७८ आहे म्हणून तबकडी कराराच्या आधीचीच, असं म्हणता येत नाही. पण आमच्या बऱ्याच त्याआधीच्या. त्या मी नव्या डबीतून वाजवल्या तेव्हा आवाज भरदार आला, खरखर कमी झाली, आणि घरात सगळे म्हणाले, छान. फक्त आजी काही बोलली नाही. दोन तबकड्या झाल्यावर म्हणाली, "बाई गातीय खरी, पण तोंडावर कांबळं घेऊन."

कांबळं कुठून आलं, याचा हिशेब आता सोपा आहे. तबकडी कापताना तार वाढवलेलीच नव्हती आणि डबीनं ती करारानुसार कमी केली. मराठीतले 'स', 'श', 'च', 'छ' ओळखू येतात ते वरच्या पट्टीतल्या सळसळीमुळे. ५००० हर्ट्झला आरआयएए कर्व्ह आवाज चाळीस टक्क्यांवर आणतो. खरखर गेली ती याच कात्रीनं, आणि तिच्याबरोबर शब्दही गेले. खाली खर्ज गरजेपेक्षा जास्त फुगला, म्हणून आवाज भरदार वाटला.

लावणीत शब्द गेला तर राहिलं काय? आमचा हा पट्टा तमाशाचा. फाट्यावरून पुण्याच्या दिशेनं निघालात की नारायणगाव लागतं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. जत्रांच्या हंगामात आजही तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. फडावर गायलं गेलेलं बहुतेक सगळं त्या रात्रीबरोबर विरून गेलं. त्यातलं जे थोडं तबकडीवर उतरलं, ते आमच्यासारख्यांच्या माळ्यावर पडून आहे. त्यातला शब्द डबीच खाणार असेल, तर तबकडी जपून ठेवल्याचा उपयोग काय?

उपाय महाग निघाला नाही. आधी सुई बदलली. ७८ ची खाच एलपीच्या खाचेच्या सुमारे तिप्पट रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी साठलेल्या धुळीत घासत जाते. ७८ साठी तीन मिल, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. अनेक कार्ट्रिजांना ती नुसती खेचून बदलता येते. मग डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केले. ७८ च्या खाचेत गाणं आडव्या हालचालीत असतं. उभी हालचाल म्हणजे धूळ आणि ओरखडे. चॅनेल एक केले की उभ्या हालचालीचा कचरा आपसात कटतो. शेवटी कर्व्ह. काही प्रीअँपवर ७८ साठी वेगळं बटण असतं, काहींवर खर्ज आणि तार वेगवेगळे ठरवता येतात. माझ्या डबीवर यातलं काही नव्हतं. म्हणून मी आहे त्याच डबीतून आवाज कॉम्प्युटरवर घेतला आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये आरआयएएचा उतार उलटा करून जुना उतार दिला. त्यात जुन्या कर्व्हची तयार यादीच मिळते.

लेबल पुसलेली एक तबकडी अशी साफ करून आजीला ऐकवली. खरखर आधीपेक्षा जास्त होती. आजीनं एकदा ऐकली, दुसऱ्यांदा लावायला सांगितली, आणि मध्येच म्हणाली, "ही वरात निघायच्या आधी लावायचे तुझे आजोबा. शेवटच्या कडव्याला पोरं भोंग्याखाली नाचायची." गाणारीचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. पण शब्द तिनं मला लिहून घ्यायला लावले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तबकडीवर एका जागी चरा आहे, तिथला गेलेला शब्दसुद्धा तिनं भरला.

खोडदचा धडा

आता अपग्रेडकडे येऊ. नवीन डबी घेतली की बहुतेकांची पहिली तक्रार असते ती 'हूंऽऽ' अशा घुमण्याची. आपल्याकडची घरातली वीज ५० हर्ट्झची. आणि करार काय म्हणतो? ५० हर्ट्झ सातपट वाढवा. म्हणजे भिंतीतल्या वायरीची गुणगुण डबी आधी शंभरपट वाढवते आणि वर तिला सातपटीचं बक्षीस देते. अशा वेळी जास्त महाग डबी आणून फरक पडेलच असं नाही. टर्नटेबलची ग्राउंडची बारीक वायर डबीच्या स्क्रूला घट्ट बसलीय का, डबी टर्नटेबलच्या ट्रान्सफॉर्मरपासून आणि मोबाइलच्या चार्जरपासून लांब आहे का, हे आधी बघा. आणि घराचं अर्थिंग बघा. आमच्याकडे वायरमनला बोलावून अंगणात खड्डा घेतला, कोळसा-मीठ घालून नवी पट्टी पुरली, त्यात वर्षानुवर्षं पाणी घालायचं कबूल केलं, आणि गुणगुण बसली. आमच्या घरातलं सगळ्यात उपयोगाचं अपग्रेड ते.

कमकुवत आवाज कसा जपायचा, याचा जगातला एक मोठा नमुना आमच्या शेजारीच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या चौदा खोडदच्या आसपास आणि बाकीच्या तीन फाट्यांवर पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आकाशातून येणारे त्यांचे संकेत आपल्या पाच मिलिव्होल्टपेक्षा कितीतरी क्षीण असतात. तिथे पहिला अँप्लिफायर कंट्रोल रूममध्ये ठेवत नाहीत. थेट तबकडीच्या वर, जिथे लहरी एकवटतात तिथेच बसवतात. कारण सोपं आहे. पहिल्या पायरीवर जी खरखर मिसळली, ती पुढे संकेताबरोबरच वाढत जाते. पुढचं कुठलंही महाग यंत्र ती वेगळी काढू शकत नाही.

घरातही तोच नियम. सुईपासून डबीपर्यंतची वायर शक्य तितकी आखूड आणि चांगली ठेवा. मूव्हिंग मॅग्नेटसाठी डबीचा इनपुट ४७ किलोओहमचा असतो, तो ठरलेला आहे. पण वायर लांब असली की तिची कपॅसिटन्स वाढते आणि वरच्या पट्टीचा तोल बिघडतो. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज असेल तर मात्र डबीवर खरोखर खर्च करा, कारण हजारपट वाढवताना डबीची स्वतःची खरखर ऐकू येते. साधं मॅग्नेट कार्ट्रिज आणि १९६० नंतरच्या एलपी असतील, तर आरआयएए कर्व्ह नीट पाळणारी मध्यम किमतीची डबी पुष्कळ झाली. उरलेले पैसे सुईत घाला. आणि आजी-आजोबांच्या ७८ असतील, तर वेगवेगळे कर्व्ह देणारी डबी किंवा ऑडॅसिटी. क्रम असा: अर्थिंग, सुई, कर्व्ह, आणि मग डबीची किंमत.

किल्लीसकट तबकडी

१९७७ साली नासानं दोन व्हॉयेजर यानं सोडली. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, आणि तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. पहिलं यान निघालं २० ऑगस्टला, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईही ठेवली. झाकणावर चित्रं कोरली: सुई कुठे ठेवायची, तबकडी किती वेगानं फिरवायची. परक्या ग्रहावर सेकंद कुणाला कळणार? म्हणून वेग सांगितला तो हायड्रोजनच्या अणूच्या एका लहरीच्या भाषेत. त्या लहरीचं एक आवर्तन सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या सत्तर टक्के इतकं, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झ. खोडदच्या तबकड्या आकाशातून हायड्रोजनची तीच लहर ऐकतात.

नासाला कळलं होतं की तबकडी एकटी मुकी असते. तिच्याबरोबर वेग, सुई आणि वाजवायची रीत गेली नाही तर ती नुसती चकती. आपल्या माळ्यांवरच्या तबकड्यांबरोबर ही किल्ली कुणी ठेवलेली नाही. वेग लेबलवर असतो, कर्व्ह नसतो. आणि लेबल तर हाताळून पुसलेलं.

मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी जुन्या तबकड्यांच्या याद्या आणि नोंदी करत आलीत. पण जुन्नर-आंबेगावातल्या प्रत्येक माळ्यावर चढायला ती येणार नाहीत. ते काम आपलं. ट्रंक खाली काढा. तबकडी कापसानं पुसा; ७८ च्या लाखेवर स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते. लेबलच्या भोवती, चकचकीत पट्टीवर बारीक आकडे कोरलेले असतात. लेबल पुसलं तरी ते बहुधा शाबूत असतात, आणि त्यांवरून गाणं शोधता येतं. ते लिहून घ्या. मग नव्या कागदी पाकिटावर पेन्सिलीनं चार गोष्टी लिहा: आकडा, वेग, सुई, कर्व्ह. पाचवी ओळ घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी मोकळी ठेवा. आमच्या त्या बिनलेबलाच्या तबकडीच्या पाकिटावर तिथे लिहिलंय, 'वरात निघायच्या आधी'.